वणवा एकाचा, चराई साऱ्यांची बंद

१८७८ च्या भारतीय वन कायद्यातले पंचविसावे कलम राखीव जंगलातल्या गुन्ह्यांचे आहे. आग लावणाऱ्याला कैद किंवा दंड, इथपर्यंत त्यात काही नवल नाही. नवल पुढच्या वाक्यात आहे. आग जाणूनबुजून किंवा घोर हलगर्जीपणाने लागली असेल, तर गुन्हेगाराला शिक्षा होऊन गेलेली असली तरीही, त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क सरकारला वाटेल तितके दिवस थांबवता येतील, असे ते वाक्य सांगते. म्हणजे काडी ओढणारा सापडला, तुरुंगात गेला, तरी हिशोब मिटत नाही. त्या जंगलात ज्यांची गुरे चरतात त्या सगळ्यांचा रस्ता सरकार बंद करू शकते. १९२७ मध्ये नवा वन कायदा आला तेव्हा हेच वाक्य सव्विसाव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात जाऊन बसले. पुढे इंग्रज गेले, मध्य प्रांत मोडला, विदर्भ महाराष्ट्रात आला. वाक्य जागचे हलले नाही.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीचा सगळा इतिहास भंडारा जिल्ह्याच्या नावाने लिहिलेला आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, आणि नागझिरा, नवेगाव, देवरी, सालेकसा या पट्ट्यातल्या जंगलांवर सरकारी नजर पडू लागली. रेल्वेला स्लीपर हवे होते, आणि दरवर्षी उन्हाळ्यात जळणारे जंगल ही नव्या वनखात्याला उधळपट्टी वाटत होती. याच प्रांतात, होशंगाबादकडच्या बोरीच्या जंगलात, कॅप्टन पिअरसन यांनी १८६० च्या दशकात आगीपासून जंगल राखण्याचा प्रयोग केला आणि तो देशभर नावाजला गेला. जाळरेषा कापणे, अग्निरक्षक नेमणे, जंगलालगत वनग्राम वसवून जमिनीच्या मोबदल्यात खात्याच्या कामाला हक्काचे मजूर बांधून घेणे, ही सगळी मांडणी त्या काळातली. आग ही नैसर्गिक घटना नसून गुन्हा आहे, हे प्रथम कागदावर ठरले. जंगलातल्या माणसांना ते पुष्कळ नंतर कळले.

कारण या भागात आग लागते ती रोजच्या कामातून. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. झाडाखाली गुडघाभर पाचोळा असेल तर फूल दिसत नाही, म्हणून वेचणारी बाई किंवा बाप्या आधी बुंध्याभोवतीचा पाला जाळून जागा मोकळी करतो. तेंदूच्या झुडपांना आग लागून गेली की कोवळी पालवी चांगली फुटते, ही समजूत जुनी. आणि पानाचा धंदा तर गोंदियाच्या बिडी कारखानदारीचा कणाच होता. गवत जाळले की पावसाआधी नवे कोंब येतात, हे गायकीला, म्हणजे गुराख्याला, माहीत असते. शिकारी आग लावतो, वाटसरू बिडीचे थोटूक टाकतो. वारा सुटला की बुंध्याभोवतीची आग साज, बिजा, धावडा, बांबू घेत दोन टेकड्या ओलांडून जाते. सकाळी नाकेदार, म्हणजे वनरक्षक, पोहोचतो तेव्हा राख असते. ती कुणाची, हे राख सांगत नाही.

आता या नाकेदाराच्या जागी बसून पाहावे. त्याच्याकडे काही हजार एकरांचे बीट, साक्षीदार एकही नाही, आणि जंगलाच्या काठाने पाच-सात टोले, म्हणजे वस्त्या. त्या टोल्यांत कुणीतरी जाणता आहे याची त्याला खात्री आहे. पहाटे कोण कुठल्या मोहाखाली जातो हे गावात सर्वांना ठाऊक असते; झाडे वाटून घेतलेली असतात. माहिती गावात आहे, अधिकार खात्यात आहे, आणि दोघांमध्ये वाट नाही. पंचविसाव्या कलमातले ते वाक्य म्हणजे ही वाट पाडण्याचे हत्यार होते. चराई बंद झाली, किंवा होईल असे नुसते दिसले, की शोधण्याचे काम आपोआप शेजाऱ्यांवर जाते. सामूहिक शिक्षेकडे आपण सूड म्हणून पाहतो, पण तिच्यात रागापेक्षा काटकसर जास्त असते. पोलीस ठेवायला पैसे नाहीत, मग गावालाच पोलीस करा. अमेरिकेतले कायद्याचे अभ्यासक डॅरिल लेव्हिन्सन यांनी २००३ मध्ये सामूहिक दंडावर लिहिताना हाच मुद्दा मांडला आहे: ज्याला गुन्हेगारावर नजर ठेवणे सर्वांत स्वस्त पडते, त्याच्यावर दंडाचा भार टाकला जातो, तो दोषी असो वा नसो.

हिशोब कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात तो कुणावर बसतो ते पाहिले की गडबड कळते. गोंदिया हा धानाचा मुलूख. पावसाळ्यात सपाटीची जमीन बहुतेक बांध्यांत गेलेली, बांध्यांत धान उभे. त्या चार महिन्यांत ढोरांना जंगलाशिवाय जागा नाही. धान कापले की बांध्या मोकळ्या होतात आणि कोठ्यात तणीस येते, पण ती उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत पुरतेच असे नाही. तेव्हा चराई बंद होण्याचा घाव ज्याच्याकडे गुरे आहेत त्याच्यावर, आणि त्यांना राखून पोट भरणाऱ्या गोवाऱ्यावर. पाचोळा जाळणारा बहुधा भूमिहीन, त्याच्याकडे म्हैस कुठून असणार? तेंदूच्या ठेकेदाराचा माणूस तर गावचाच नसतो. शिक्षा गावाला झाली असे म्हणायचे, पण झाली ती गावातल्या एका थराला, आणि तोही बहुधा चुकीचा.

बाहेरून पाहणाऱ्याला मात्र गाव एक दिसते. सामूहिक दोषारोपाच्या मानसशास्त्राचे मूळ इथे आहे. ब्रायन लिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये, एकाच्या अपराधाचा सूड त्याच्या गटातल्या दुसऱ्याच कुणावर कसा उगवला जातो, याची मांडणी केली. गट जितका घट्ट बांधलेला, एकजीव वाटतो, तितके बाहेरचा माणूस सहज धरून चालतो की बाकीच्यांनी एकतर चिथावणी दिली असणार, किंवा निदान थांबवता येत असून थांबवले नसणार. दुसरा आरोप पहिल्यापेक्षा चिवट. 'तुम्ही केले' हे खोडता येते. 'तुम्ही अडवले का नाही' याला उत्तर नसते. आणि गोंदियाकडचे गाव आतून पाहिले तर गोंड, हलबा, पोवार, कोहळी, लोधी, कुणबी, महार, ढीवर, गोवारी, कलार अशा वस्त्या, एकाचा टोला दुसऱ्यापासून दूर, तलावाच्या पाण्यावरून भांडणे, जंगलातून प्रत्येकाची गरज वेगळी. रिपोर्टात हे सगळे 'गावकरी' या एका शब्दात मावते.

ही पद्धत इंग्रजांनी शोधली असे म्हणणे त्यांना फार श्रेय देणे होईल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नियम आहे की गावाच्या हद्दीत प्रवासी व्यापाऱ्याचा माल चोरीला गेला तर भरपाई गावच्या प्रमुखाने द्यावी. दोन गावांच्या मधल्या कुरणात गेला तर कुरणाच्या अधिकाऱ्याने. त्याही पलीकडे गेला तर चोर पकडण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने. इंग्लंडात नॉर्मन राजांच्या काळात नॉर्मन माणसाचा खून झाला आणि खुनी सापडला नाही, तर त्या भागातल्या साऱ्या लोकांकडून दंड वसूल होई. पेशवाईतली रीत तर कंपनी सरकारचे अधिकारी एल्फिन्स्टन यांनी सविस्तर नोंदवली आहे. चोरी झाली की गावचा जागल्या पावलांचा माग काढत निघे. माग शिवेबाहेर गेला की तो पुढच्या गावच्या जागल्याच्या हाती द्यायचा, की यांची सुटका. ज्या गावाच्या शिवेत माग अडे, त्या गावाला जाब द्यावा लागे.

या जुन्या रीतीत आणि वन कायद्याच्या वाक्यात एक मोठा फरक आहे, आणि तो नजरेतून सुटतो. मागाच्या पद्धतीत गावाला सुटायला दार होते. माग पुढे नेऊन दाखवा, चोर हजर करा, नाहीतर माल भरून द्या. तीनपैकी काहीही केले की प्रकरण मिटले. गावाला एक काम नेमून दिलेले होते आणि ते करायला साधनेही, म्हणजे वतनदार जागल्या, दिलेली होती. वन कायद्यात ते दारच नाही. आरोपी पकडून दिला तरी हक्क थांबवता येतात. शिवाय याच कायद्यात दुसरीकडे असेही सांगितले आहे की जंगलात हक्क असणाऱ्या प्रत्येकाने आग दिसली की कळवावे आणि विझवायला धावावे. न गेल्यास गुन्हा. गावकरी धावले, रात्रभर ओल्या डहाळ्यांनी आग झोडपली, तरी सकाळी चराई बंदचा हुकूम येऊ शकतो. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' म्हणतात, इथे तर चोराला दिल्यावरही संन्याशाला.

मग लोक काय करतात? वर्गात खडू कुणी फेकला हे कळले नाही की गुरुजी म्हणतात, सांगा, नाहीतर सगळे बाकावर उभे राहा. हा प्रश्न स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी खरोखरच मुलांना विचारला आणि १९३२ च्या मुलांच्या नैतिक विचारांवरील पुस्तकात त्याचा धांडोळा घेतला. अगदी लहान मुलांना सगळ्यांना शिक्षा व्हावी हे पटत होते. नाव न सांगणे हाच त्यांच्या लेखी गुन्हा. मधल्या वयातल्यांना ते पटेना: एकाने केले, तो माहीत नाही, तर कुणालाच नको. आणखी मोठ्या मुलांचे म्हणणे पुन्हा 'सगळ्यांना' असे, पण कारण उलटे: आम्ही मिळून त्याला झाकायचे ठरवले आहे, तर मिळून भोगू. शिक्षा तीच आणि तिच्यातून निघालेली एकी मात्र गुरुजींच्या विरुद्ध. समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९० च्या सुमारास हेच गणिती भाषेत मांडले: सामूहिक दंड असला की गट आपल्यातल्याला आवरू लागतो खरा, पण गट उलटून दंड करणाऱ्याविरुद्धही संघटित होऊ शकतो. कोणती बाजू जड होईल ते, आवरणे आणि उलटणे यांत काय स्वस्त पडते त्यावर.

कुमाऊँच्या डोंगरात १९२१ मध्ये दुसरी बाजू जड झाली. जंगले राखीव झाली, बेगार वाढली, आणि लोकांनी चीड वृक्षांच्या जंगलांना ठिकठिकाणी मुद्दाम आगी लावल्या. त्या वेळी सरकारला साक्षीदार मिळाले नाहीत, याचे नवल सरकारखेरीज कुणालाच वाटले नसेल.

गावाला सामूहिक शिक्षा नको असते हे मात्र अर्धेच खरे. स्वतःच्या माणसांवर ती चालवायला गावाने कधी कंटाळा केलेला नाही. आर. व्ही. रसेल यांनी १९०८ मध्ये भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर संपादित केले, आणि १९१६ मध्ये हिरालाल यांच्या साह्याने मध्य प्रांतातल्या जाती-जमातींचे चार खंड काढले. त्या खंडांत जातीमागून जातीत एकच प्रकरण भेटते: जातीबाहेर टाकणे आणि परत घेणे. हातून गाय मेली, जखमेत किडे पडले, बाहेरच्याच्या हातचे खाल्ले, मुलीने दुसऱ्या जातीचा नवरा केला. पंच बसले, घर बंद झाले. केले एकाने, पण पाणी, विस्तव, सोयरीक, मर्तिकाला खांदा बंद होतो तो साऱ्या घराला. आणि जो त्या घराशी व्यवहार करील तोही बाहेर. हा दुसरा भाग खरा कणखर. बहिष्कार चालवायला पंचांना शिपाई लागत नाही. प्रत्येक घर भीतीने दुसऱ्यावर पहारा देते. नाकेदाराने ज्याची आस धरली ते यंत्र जातपंचायतीकडे आधीपासून फिरत होते.

फरक दंडाच्या मुक्कामात. चराई बंद झाली तर गावाचे नुकसान, कुणाचा फायदा नाही. जातीचा दंड मात्र ते घर भरते आणि जात जेवते. परत घेण्याचे जेवण हा त्या विधीचा गाभा, आणि धानाच्या मुलखात ते जेवण साजरे होत असे. दंड जितका मोठा तितकी पंगत मोठी, असे असताना पंचांना अपराध कमी दिसावेत ही अपेक्षा जरा भाबडीच. महाराष्ट्राने या प्रथेवर थेट बोट ठेवले ते २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने. तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध चालवलेल्या मोहिमेचा त्यामागे मोठा वाटा होता.

सरकारकडे दंडाचे आणखी एक हत्यार होते, आणि ते गावांबरोबर शहरांवरही चाले. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे अशांत भागात जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च रहिवाशांकडून घ्यायचा. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारे चापेकर बंधू, पण ते सापडायच्या आधीच जादा पोलिसांचे ओझे पुणेकरांवर पडले आणि शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावून कलेक्टर लँब यांनी दरडावले. कट शहराला माहीत असणारच, हे गृहीत. लिकेल यांचा दुसरा आरोप तो हाच.

विदर्भाला या हत्याराची खरी ओळख १९४२ मध्ये झाली. ऑगस्टमध्ये तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरला जमावावर गोळीबार होऊन माणसे मेली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला जमाव आणि पोलीस भिडले. चिमुरात गोळीबार झाला, आणि संतापलेल्या जमावाच्या हातून उपविभागीय अधिकारी, नायब तहसीलदार यांच्यासह चार सरकारी माणसे मारली गेली. तीन दिवसांनी गोरे सैनिक आले. पुरुष पकडले गेले किंवा पळाले. घरांत राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी यांनी उपोषण केले. ते ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ ला सुटले. सरकारने चिमूरवर सामुदायिक दंड बसवला: एक लाख रुपये.

त्यासाठी १९४२ मध्येच सामुदायिक दंडाचा स्वतंत्र वटहुकूम निघाला होता. देशभरात अशा दंडाची आकारणी सुमारे ९० लाखांवर गेली. दंड वस्तीवर; गोळी कुणी झेलली, दगड कुणी मारला, कोण त्या दिवशी शेतावर होता, याला अर्थ नाही. पण हा दंड जितका सरसकट दिसतो तितका नव्हता. मुसलमान रहिवासी आणि सरकारी नोकर यांना त्यातून बहुधा वगळले जाई. त्यावर तेव्हा वर्तमानपत्रांत आणि कायदेमंडळात पुष्कळ आरडाओरड झाली. हे वगळणे बारकाईने पाहण्यासारखे आहे. राज्यकर्ता म्हणतो, कोण दोषी ते निवडता येत नाही म्हणून सगळ्यांना दंड. आणि त्याच कागदावर, कोण निर्दोष, याची यादी तो करू शकतो. म्हणजे निवड करता येत होती. ती माणसामाणसांत केली नाही, जमातीजमातींत केली.

या प्रश्नाचा निकाल चिमूरपासून दूर, राजस्थानातल्या एका प्रकरणात लागला. झुंझुनूकडच्या काही गावांवर डाकूंना आसरा दिल्यावरून जादा पोलीस बसवले गेले, खर्च गावकऱ्यांवर टाकला, आणि हरिजन व मुसलमान रहिवाशांना सूट दिली. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर प्रतापसिंह खटल्यात ही सूट घटनेच्या पंधराव्या कलमाविरुद्ध ठरवली. सूट मिळालेल्या जमातींत बहुतेक लोक कायदा पाळणारे आहेत असे सरकारचे म्हणणे. पण तसे लोक इतर जमातींतही आहेत हे सरकारलाही नाकारता येत नव्हते. मग धर्म आणि जात यांखेरीज फरक उरतो कशाचा? तर्क बिनतोड आहे. फक्त तो अर्ध्यात थांबला. दोषी नसलेल्यांना भरायला लावणे गैर, असे त्यातून निघाले नाही. भरायला लावायचे तर सगळ्यांना लावा, एवढे निघाले.

आपल्याच गटाला हा न्याय लावून पाहिला की तो लगेच टोचतो, हे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. एमिल ब्रुनो आणि नूर क्तैली यांनी अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांना आधी विचारले, गोऱ्या माणसाने केलेल्या हिंसाचाराला तुम्ही स्वतः जबाबदार आहात का? अर्थातच नाही. त्यानंतर मुसलमान अतिरेक्यांच्या कृत्यांबद्दल साऱ्या मुसलमानांना दोष देण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी झाले. पण टोचले म्हणून हात थांबतोच असेही नाही. फियरी कुशमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बेसबॉलचे चाहते गाठले. तिथे आपल्या खेळाडूला चेंडू मारला गेला, तर पुढच्या डावात प्रतिपक्षाच्या कुणालाही चेंडू मारून उट्टे काढायची रीत आहे. ज्याला मारायचे त्याचा दोष नाही हे चाहत्यांना मान्य होते, आणि तरी पुष्कळांना ते चालत होते. माणूस निर्दोष आहे हे ठाऊक असणे आणि त्याला मारणे रास्त वाटणे, दोन्ही एका डोक्यात सुखाने नांदतात.

अलीकडच्या काळात सरकारने तोच दोर उलट्या बाजूने ओढून पाहिला. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम गावातले तंटे गावातच मिटले तर साऱ्या गावाला बक्षीस देऊ लागली. भंडारा-गोंदियात तिच्या पाट्या वेशीवेशीवर दिसतात. नक्षलग्रस्त पट्ट्यात, देवरी-सालेकसाकडे, नक्षलवाद्यांना गावबंदी करणाऱ्या गावांना विकासनिधी देण्याची योजना आली. शिक्षेऐवजी बक्षीस, ही सुधारणा नक्कीच. मात्र बक्षिसालाही गाव एकच लागते. बक्षिसासाठी तंटा मिटवायचा असेल तर दबाव बहुधा त्याच्यावर येतो ज्याला तक्रार मागे घेणे परवडत नाही: मारहाण झालेली बायको, हिस्सा मागणारा धाकटा भाऊ. गावबंदीचा ठराव करणाऱ्या गावाने पैसे घेतले, तर रात्री जंगलातून येणाऱ्याला जबाब कुणी द्यायचा, हाही प्रश्न गावाचाच. बंदूकवाल्यांनी भात मागितला म्हणून एका घराने शिजवून दिला, की सकाळपासून संशय टोल्यावर. हे या भागाने पुष्कळ वर्षे भोगले.

आणि आग? ती दर उन्हाळ्यात लागते. आता उपग्रहाच्या साह्याने वनखात्याला आगीची सूचना मोबाइलवर मिळते, कक्ष क्रमांकासकट. आग कुठे हे कळायला लागले. कुणी लावली, हे अजून गावालाच माहीत असते. ८ एप्रिल २०२१ ला नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन मजूर जळून मेले. तिघेही रोजंदारीवर घेतलेले.

मार्च २०१९ मध्ये केंद्राने वन कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा राज्यांकडे पाठवला. एकाच्या वनगुन्ह्यासाठी साऱ्यांचे हक्क थांबवण्याची कल्पना त्यातही कायम होती आणि वनहक्क चळवळीतल्या लोकांनी त्यावर सडकून टीका केली. नोव्हेंबरमध्ये मसुदा मागे घेतला गेला, म्हणजे १९२७ चा मजकूर राहिला. दरम्यान २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला तिच्या जंगलाचे रक्षण करण्याचा अधिकार पाचव्या कलमात दिला, आणि गोंदियातल्या सामूहिक वनहक्क मिळालेल्या काही ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. त्यांच्या जंगलात वणवा लागला तर पानांचे नुकसान थेट ग्रामसभेचे. दंड लावायचा झाला तर आधी माणूस ओळखावा लागेल, आणि कोणत्या मोहाखाली कोण जातो हे ठाऊक असलेलीच माणसे ग्रामसभेच्या बैठकीला बसलेली असतात. पाहिलेले सांगायला मात्र त्यांतले किती जण उभे राहतील, हे गावागणिक वेगळे. जिथे मोहफुले वेचणारी घरे बैठकीला येतात, तिथे गोष्ट निराळी; जिथे निर्णय दोन-चार मोठ्या घरांतच होतो, तिथे जुनाच हिशोब नव्या सहीने चालतो.